हजेरीपटावर वडिलांचं नाव

माझ्या वडिलांना मी एकदा कामावरून काढून टाकलं. माझ्याच हाताने, शाईने, पुढे ‘निष्काळजीपणाबद्दल’ असा शेरा लिहून. वडील त्या वेळी कलकत्त्यात गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्य कचेरीत आपल्या टेबलाशी बसलेले होते आणि त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. कामावरून गेला तो दुसराच माणूस. हावड्याच्या एका ओतशाळेत तो साचे करायचा. माझ्या वडिलांचं नाव त्याला मीच दिलं होतं.

हे लिहायला मला पंचवीस वर्षं लागली. मधल्या काळात मी हा विषय दोन-तीनदा मित्रांपाशी काढला, तेव्हा प्रत्येकाने माझी समजूत घातली. ‘अरे, त्या काळी सगळीकडे तसंच चालायचं.’ ‘तू हुकुमाचा ताबेदार.’ मला ही समजूत नको आहे. तसं आपोआप काही चालत नव्हतं. रोज सकाळी कुणीतरी ते चालवावं लागे, आणि आमच्या फाटकावर ते काम माझ्याकडे होतं.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. मी तेविशीत होतो. आम्ही गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडिलांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, म्हणजे दीड वर्षाने ते घरही जाणार होतं. मी रोज सकाळी लाँचने नदी ओलांडून पलीकडे जायचो आणि तिथून चालत ओतशाळेत. लांबलचक पत्र्याची शेड, जमिनीवर काळी वाळू, वाळूत उमटवलेले साचे आणि टोकाला भट्टी. मॅनहोलची झाकणं, नळांचे सांधे आणि रेल्वेच्या ब्रेकचे ठोकळे तिथे ओतले जायचे. साठेक माणसं होती. बरीच बिहारकडची, काही ओरिसाची, काही हावड्यातलीच. मी हजेरी कारकून, त्यामुळे सगळ्यांचा ‘बाबू’. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, मध्येच बंगालीत. आठवतं तसं ते इथे मराठीत लिहितो आहे.

तेव्हा कामगारांचे नवे कायदे नुकतेच आले होते. वर्षात ठरावीक दिवस काम भरलं की माणसाला पगारी रजा द्यावी लागे, त्याला सहजासहजी काढता येत नसे. आमच्या मालकांनी त्यावर तोड काढली होती. दिवस भरत आले की त्या माणसाचं नाव पटावरून कमी करायचं. आठ-दहा दिवस त्याने घरी बसायचं. मग तोच माणूस त्याच फाटकातून आत यायचा, त्याच जागी वाळूत बसायचा, पण नव्या नावाने. कागदावर तो कालच लागलेला. आमच्या ओतशाळेत दहा-दहा वर्षं काम केलेली माणसं होती आणि पटावर वर्षभराचा जुना माणूस एकही नव्हता.

नवी नावं शोधायची जबाबदारी माझी. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे बडेबाबू म्हणत, त्यांनी पहिल्याच महिन्यात मला समज दिली होती. “एकदा आलेलं नाव पुन्हा यायला नको, मराठीबाबू. तपासणीवाल्याला एक नाव दोनदा दिसलं की तो तिसऱ्यांदा शोधायला बसतो.”

बिहारी आणि ओरिया नावं मला ऐकून माहीत होती तेवढी दोन वर्षांत संपली. मग मी एक गोष्ट केली, तिची तेव्हा मला गंमत वाटली. कलकत्त्यात मराठी घरं मोजकीच, बरीचशी भवानीपूरला. आमच्या गणपतीची वर्गणी गोळा करण्याचं काम माझ्याकडे असायचं आणि त्या घरांच्या यादीची वही माझ्या पिशवीतच पडलेली असे. मी त्या वहीतली नावं उचलायला लागलो. बघता बघता आमच्या ओतशाळेत एक दातांचे डॉक्टर, दोन प्राध्यापक, विम्यातले एक साहेब आणि फोर्ट विल्यममधले एक मेजर वाळू चाळायला लागले. बडेबाबू बंगाली, मॅनेजर मारवाडकडचे. त्यांच्या दृष्टीने नाव परमुलखातलं आहे एवढंच पुरे; कुठल्या मुलखातलं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

माणसांना मात्र ही नावं उच्चारताना त्रास व्हायचा. नाव ओळखून ‘हजर’ म्हणायचं तर आधी ते पाठ करायला हवं. फाटकाशी येऊन माणसं विचारत.

“बाबू, या खेपेला मी कोण?”

“दातांचे डॉक्टर.”

“मग आधी बडेबाबूंचे काढतो.”

मीही हसायचो. ते हसत होते म्हणून ते खुशीत होते असं मी धरून चाललो होतो.

तो साचे करणारा बिहारमधल्या छपऱ्याकडचा होता. पन्नाशीचा, आखूड बांध्याचा, बोटं कायम काळी. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. ओतशाळेत त्याला नऊ वर्षं झाली होती, त्यातली चार माझ्यासमोर. त्याच्या तोडीचा साचा हावड्यात कुणाला जमत नाही, असं भट्टीवाला म्हणायचा, आणि भट्टीवाला कुणाचं कौतुक करणाऱ्यातला नव्हता. एकदा मिस्त्रीचे दिवस भरले, दहा दिवस घरी बसून तो परत आला आणि माझ्या खिडकीशी उकिडवा बसला.

“बाबू, मागे एकदा तुम्ही मला जे नाव दिलं होतं ना, ते आमच्या गावच्या चौकीदाराचं निघालं. त्याने माझ्या भावाला झाडाला बांधून मारलेलं. आठ महिने त्याच्या नावाने हजर म्हणत होतो. तोंड कडू व्हायचं. या खेपेला एखाद्या भल्या माणसाचं द्या.”

मी पेन शाईत बुडवून भला माणूस शोधायला लागलो. मग माझ्या वडिलांचं नाव लिहिलं आणि बापाच्या नावाच्या रकान्यात आजोबांचं.

“कुणाचं दिलंत?”

“माझ्या वडिलांचं.”

तो इतका हसला की त्याला खोकला लागला. त्या दिवसापासून त्याने मला बाबू म्हणणं सोडलं. “बेटा, जेवलास का?” “बेटा, बापाला दुपारी दोन मिनिटं उशीर झाला तर गैरहजर लावू नकोस.” सगळी शेड हसायची. मला ते आवडायचं. आपण याला काहीतरी आपलं दिलं, असं मला वाटत होतं. त्याचं स्वतःचं नाव त्याला द्यायची माझ्यात हिंमत नव्हती म्हणून मी दुसऱ्याचं उचलून दिलं, हे मला फार नंतर कळलं. आणि त्याचं खरं नाव काय हे मी चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं. विचारून उपयोग काय होता? पटावर ते कुठेच नव्हतं.

दुर्गापूजेच्या आधीचे दिवस होते. रेल्वेच्या ठोकळ्यांची मोठी मागणी सुट्टीपूर्वी पुरी करायची होती. साचे केल्यावर ते नीट सुकू द्यावे लागतात. त्या आठवड्यात मॅनेजर ते सुकू देत नव्हते. त्या दिवशी मी शेडमध्ये तयार साच्यांची मोजदाद लिहीत होतो, माझ्यापासून चार हातांवर मिस्त्रीने मॅनेजरना थांबवलं.

“साहेब, साचे ओले आहेत. आज ओतू नका. लोखंड उसळेल.”

“तू साचे कर. ओतायचं कधी ते मी बघेन.”

“तुम्ही वरून बघाल. मी खाली असेन.”

मॅनेजर पुढे गेले. मी मोजदाद पुरी केली आणि माझ्या खोलीत येऊन बसलो.

आमच्याकडे पायात बूट नसत. पाण्यात भिजवलेलं गोणपाट पायांना गुंडाळून माणसं वितळलेल्या लोखंडाजवळ उभी राहत. बूट कायम माणसांना देण्याचा नियम होता आणि कायम माणूस एकही नव्हता. दुपारी तिसऱ्या साच्यात लोखंड ओतलं आणि ते उसळलं. मिस्त्रीच्या डाव्या पायावर पडलं. मी ओरडणं ऐकून धावलो तेव्हा लोक त्याचा पाय पाण्यात घालत होते आणि गोणपाट निघत नव्हतं. त्याला ठेल्यावर, म्हणजे हातगाडीवर, घालून इस्पितळात नेलं.

ठेला फाटकाबाहेर गेला आणि बडेबाबूंनी मला हाक मारली. त्यांनी सांगितलं तसं मी पटावर लिहिलं. नवीन माणूस. निष्काळजीपणाबद्दल आजपासून कमी केले. शेरा ज्या नावापुढे लिहायचा ते वाचायचं मी टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नेहमीसारखे कामाला लागले. कुणी माझ्याशी बोललं नाही एवढंच. साचे भरले, भट्टी पेटली, दुपारी लोखंड वितळून तयार झालं. जेवणानंतर दुसऱ्यांदा हजेरी व्हायची. घंटा झाली, माणसं रांगेत उभी राहिली, मी स्टुलावर चढून पहिलं नाव वाचलं.

‘हजर’ आलं नाही.

मी मान वर केली. माणूस समोरच होता, माझ्याकडे बघत. मी दुसरं नाव वाचलं, तिसरं वाचलं. मग मला थांबताही येईना. साठच्या साठ नावं वाचली. पूर्ण वेळ शेडमध्ये माझा आवाज होता आणि भट्टीच्या पंख्याचा.

मॅनेजर खाली आले. “काय चाललंय?”

भट्टीवाला पुढे झाला. तिशीचा, हावड्याचाच, तोंडाने फटकळ. “हजेरी चाललीय, साहेब. पण बाबू ज्यांना हाका मारतायत त्यांच्यातलं कुणी आलेलं दिसत नाही.”

“मग हे कोण उभे आहेत?”

“तेच तर आम्ही विचारतोय.”

मागून कुणीतरी हसलं. मॅनेजरनी घड्याळ पाहिलं. भट्टीवाल्याने ते पाहिलं.

“अर्धा तास आहे साहेब. तेवढ्यात काढलं नाही तर लोखंड भट्टीतच गोठून बसेल. त्या डॉक्टरांना बोलवा, प्राध्यापकांना बोलवा. पटावर त्यांची नावं आहेत, तेच ओततील.”

“पोलीस बोलावीन.”

“बोलवा. तक्रार कुणाच्या नावाने देणार?”

वाळू चाळणारा एक म्हातारा ओरिया होता. तो कधी बोलायचा नाही. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, कागदावर मी तीन महिन्यांचं पोर आहे. तीन महिन्यांच्या पोराला तुम्ही ही लोखंडाने भरलेली भांडी उचलायला लावता?”

आता सगळे हसले, पण रांग मोडली नाही. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून स्टुलावरच होतो, हातात पट. भट्टीवालाही माझ्याकडे वळला. “उतरा बाबू. तुमची माणसं भवानीपूरला आहेत. तिथे जाऊन हजेरी घ्या.”

मॅनेजर झुकले नाहीत. अर्धा तास गेला, मग एक तास. भट्टीच्या तोंडाशी उजेड तांबडा झाला आणि मग राहिलाच नाही. असं गोठलेलं लोखंड छिन्नी-हातोड्याने आतून फोडून काढावं लागतं, चार-पाच दिवसांचं काम, आणि ते काम याच माणसांना येत होतं. साठजण फाटकाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला बसले. मी खिडकीतून त्यांना पाहत होतो. मी घाबरलो होतो, पण त्या दुपारी मला पहिल्यांदाच असंही वाटलं की त्या बाजूला बसलेली माणसं सुटलेली आहेत आणि खिडकीच्या आत मी अडकलेला आहे.

कामगारांनी लेबर खात्याकडे अर्ज केला. रेल्वेची मागणी अडलेली, भट्टी बंद, त्यामुळे चौकशीला मालकही तयार झाले. चौकशीच्या आदल्या दिवशी मॅनेजरनी मला वर बोलावलं.

“तुम्हीही आमच्याकडे तात्पुरतेच आहात, नाही का? आणि वडील निवृत्त व्हायला आले.” त्यांनी एक पाकीट टेबलावर सरकवलं. आत माझ्या कायम नेमणुकीचं पत्र होतं. मी ते घेतलं. कुणी माझ्या हातात कोंबलं नाही. मी हात पुढे केला आणि घेतलं.

चौकशीचे अधिकारी एक किरकोळ अंगाचे बंगाली गृहस्थ होते. त्यांनी छत्री खुर्चीला टांगली आणि पट उघडला. माझी पाळी आली.

“हा भाजलेला माणूस किती दिवस कामावर होता?”

“सहा आठवडे.”

“त्याआधी तुम्ही त्याला कधी पाहिलं होतं?”

“नाही.”

“साचे ओले आहेत असं त्या दिवशी कुणी म्हणालं होतं?”

“मला माहीत नाही.”

दुसरं आणि तिसरं उत्तर धडधडीत खोटं होतं. पहिलं कागदाप्रमाणे खरं होतं, आणि आज मला तेच सगळ्यांत जास्त टोचतं. खोलीतून बाहेर आलो तेव्हा भट्टीवाला दाराशी उभा होता. त्याने वाट दिली. मी पुढे गेल्यावर म्हणाला, “बापालाच ओळखलं नाहीत, बाबू?”

संध्याकाळी घरी मी ते पत्र आईच्या हातात दिलं. दुसरं काय करावं ते मला सुचेना. आईने देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “एवढ्या लवकर? काय केलंस तू असं?”

मी सांगायला लागलो आणि मग मला थांबता आलं नाही. नावं पालटण्यापासून शेऱ्यापर्यंत सगळं सांगितलं.

माझे वडील उदार वगैरे नव्हते. संपाला त्यांचा विरोध होता आणि ओतशाळेतल्या माणसांबद्दल त्यांनी कधी चौकशीही केली नव्हती. त्यांच्या मनाला लागलं ते वेगळंच.

“माझ्या नावावर? एकतीस वर्षं झाली मला. एक मेमो नाही, एक दिवस उशीर नाही. आणि तू मला निष्काळजी म्हणून काढलंस?”

“फक्त कागदावर, अण्णा.”

“माझं जे काही आहे ते कागदावरच आहे.” त्यांनी पत्राची घडी केली. “उद्या माझं नाव तिथून काढून टाक.”

“ते काढायचं तर सगळंच सांगावं लागेल.”

“मग सांग.”

“नोकरी जाईल. तुमचीही दीड वर्षाने संपते.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “त्याच्या पायात बूट नव्हते म्हणालास.”

“कुणाच्याच नसतात.”

“माझ्या नावाने तो माणूस अनवाणी होता.” हा प्रश्न नव्हता. त्यांनी पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि ते उठून गेले.

आई ताट वाढत होती. ती म्हणाली, “जेव. उद्या जे करशील ते उपाशी पोटी करू नकोस.”

मी ठरवून गेलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. लाँचवर बसल्या बसल्या मी दोनदा बोलायचं ठरवलं आणि दोनदा गप्प बसायचं. पत्र खिशात होतंच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला ठेल्यावर घालून आणलं. पायाला मांडीपर्यंत फडकी. दोघांनी उचलून त्याला खुर्चीवर बसवलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, इथे किती वर्षं झाली? तो म्हणाला, नऊ. पुरावा काय? मिस्त्रीने डोळे मिटले आणि नावं म्हणायला सुरुवात केली. कायद्यामुळे पट सुरू झाला तेव्हापासूनच्या पाच वर्षांत त्याला दिलेली आठ नावं, ओळीने, प्रत्येकाच्या बापाच्या नावासकट, विष्णुसहस्रनाम म्हणावं तशी, एकाच सुरात. चौकीदाराचं नाव आलं तेव्हा तेवढ्यापुरता त्याचा आवाज बदलला. अधिकारी जुने पट उघडून बोटाने शोधत होते. सगळं जुळत होतं. एक नाव संपायचं, आठ-दहा दिवस मोकळे जायचे, दुसरं सुरू व्हायचं. आठवं नाव माझ्या वडिलांचं.

“आणि तुझं स्वतःचं?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“ते पटावर लिहिणार असाल तर सांगतो. नुसतं ऐकायला नाही सांगणार.”

मॅनेजर म्हणाले, “हे पढवलेलं आहे, साहेब. पट उघडून पाठ केलेलं.”

“त्याला वाचता येत नाही,” मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते गेलंच. अधिकाऱ्यांनी पटावरचं बोट न उचलता माझ्याकडे पाहिलं.

“काल तुम्ही म्हणालात, सहा आठवड्यांपूर्वी याला पाहिलंच नव्हतं. मग पाच वर्षांचे पट याने वाचलेले नसणार, हे एवढ्या खात्रीने कसं सांगता?”

मिस्त्री माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर विनंती नव्हती, रागही नव्हता. लोखंड किती तापलंय ते बघावं तसा तो बघत होता.

मी म्हणालो, “तो आठवा माणूस माझे वडील आहेत. ते आत्ता गार्डन रीचला कचेरीत कामावर आहेत. त्यांनी आयुष्यात साचा पाहिलेला नाही.” मग पिशवीतून वर्गणीची वही काढून पटाशेजारी ठेवली. “दोन वर्षांतली बाकीची नावं यात आहेत. ही माणसं माझ्या ओळखीची आहेत. हवं तर एकेकाला विचारा. या मिस्त्रीला मी चार वर्षं रोज दोनदा पाहिलं आहे. आणि साचे ओले आहेत असं त्याने साहेबांना सांगितलं, तेव्हा मी चार हातांवर होतो.”

बडेबाबू उठले, माझ्यापाशी आले आणि त्यांनी तळहात पुढे केला. मी खिशातून पत्र काढून त्यावर ठेवलं.

याला कुणी धैर्य म्हणू नये. चार वर्षं मी खोटी नावं लिहिली, आदल्या दिवशी शपथेवर खोटं बोललो, आणि खरं बोललो ते तोंडून निसटल्यावर. त्या खोलीत धैर्य होतं ते भाजलेल्या पायाने खुर्चीत बसलेल्या माणसाकडे आणि फाटकाबाहेर बसलेल्या साठजणांकडे. कायदा दिल्लीत झाला असेल; हावड्याच्या त्या शेडमध्ये तो आणला भट्टी गोठू देणाऱ्यांनी.

तडजोड झाली. कामावर असलेल्या सगळ्यांची खऱ्या नावांनी नोंद व्हायची आणि त्यांचे जुने दिवस धरायचे. बूट द्यायचे. मिस्त्रीच्या औषधपाण्याची जबाबदारी मालकांवर, आणि पाय बरा झाला की बसून करायचं काम. त्याच्या पायाची दोन बोटं गेली ती गेलीच. मधल्या वर्षांत ज्यांना नाव कमी करून पुन्हा बोलावलंच नव्हतं, त्यांचं काही झालं नाही. ती नावंही मीच कमी केली होती. त्यांचा शोध लागणार तरी कसा? आम्ही त्यांची खरी नावं कुठे ठेवलीच नव्हती.

मला कामावरून जायला सांगितलं, पण त्याआधी नवा पट लिहून द्यायला तीन दिवस ठेवून घेतलं. अधिकाऱ्यांची अट होती की पट जुन्याच कारकुनाने लिहावा, माणसाकडे बघून.

मी शेडमध्ये टेबल मांडलं. ती माणसं एकेक करून समोर यायची, स्वतःचं नाव सांगायची, बापाचं, गावाचं. पुष्कळजण लिहून झाल्यावरही हलत नसत. वाचता येत नसलं तरी अक्षरांकडे बघत उभे राहत. भट्टीवाल्याने नाव सांगितलं आणि टेबलावर हात ठेवून वाकला.

“नीट लिहा बाबू. माझ्याकडे तुमची वर्गणी बाकी नाही ना?”

मी मान खालीच ठेवली.

“काल तुम्ही खरं बोललात,” तो म्हणाला. “परवा खोटं बोललात. मी दोन्ही लक्षात ठेवणार.”

त्याने ते ठेवलं असेल अशी माझी खात्री आहे. मीही ठेवलं आहे.

मिस्त्रीला तिसऱ्या दिवशी पुन्हा ठेल्यावरून आणलं. मी टेबलावरून उठून त्याच्यापाशी गेलो आणि पट त्याच्या बाजूला फळीवर ठेवला. त्याने नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. अगदी साधं नाव होतं, छपऱ्याकडे दर चार घरांत सापडेल असं. ते मी इथे लिहिणार नाही. आधी आम्ही त्याच्यावर आठ नावं लादली ती त्याला न विचारता, आणि आता विचारायला तो नाही. या लिखाणात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही, ते याच कारणाने.

नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, गाव लिहिलं. रुजू झाल्याच्या रकान्यात नऊ वर्षांपूर्वीचा महिना लिहिला. त्याने पटावर वाकून शाई वाळेपर्यंत वाट पाहिली.

“आता वाचा,” तो म्हणाला. “हजेरी घेता तसं. मोठ्याने.”

मी मोठ्याने वाचलं. शेडमधली माणसं हातातलं काम थांबवून बघत होती.

“पुन्हा एकदा.”

मी पुन्हा वाचलं.

“हजर, बाबू,” तो म्हणाला. बेटा म्हणाला नाही.